सरहद्दीवरचा संसार

दोन उथळ थाळ्या, पाच ताटल्या, शिरक्यासाठी तीन वाट्या, उकडलेली अंडी ठेवायच्या तीन कटोऱ्या, एक मोठे तबक, ब्राँझचा एक दिवा, पावाच्या चार टोपल्या, दोन पेले...

ही यादी वाचून वाचकांना वाटेल की दिवाळीच्या आधी माळ्यावरची भांडी खाली काढताना एखाद्या व्यवस्थित गृहिणीने केलेले हे टिपण असावे. कल्हईला भांडी देताना आपल्या आज्या असल्याच याद्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवीत. पण ही यादी लिहिली गेली ती सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, लाकडाच्या एका पातळ पट्टीवर, शाईने आणि लॅटिन भाषेत. आणि ज्या घरातली ती भांडी, ते घर रोम शहरात नव्हते. ते होते रोमन साम्राज्याच्या अगदी वायव्य टोकाला, इंग्लंडच्या उत्तरेस, विंदोलांदा नावाच्या एका लष्करी ठाण्यात. पलीकडे धुके, दलदल आणि साम्राज्याला न जुमानणाऱ्या टोळ्या. अशा जागी अंड्यासाठी वेगळी कटोरी कोणाला हवी होती, आणि कशासाठी?

रोमन इतिहास म्हटला की आपल्याला सीझर आठवतो, लढाया आठवतात. सम्राटांच्या मेजवान्यांच्या गोष्टीही आपण चवीने वाचतो. परंतु त्या अफाट साम्राज्याच्या कडेकडेने राहणाऱ्या माणसांनी आपली घरे कशी मांडली, फडताळात काय ठेवले आणि संकटाच्या रात्री पहिल्याने काय उचलले, हा इतिहास त्याहून कमी रसाळ नाही. तो फारसा ग्रंथांत सापडत नाही, मातीत सापडतो.

विंदोलांदाच्या ओल्या, हवाबंद चिखलात १९७३ सालापासून अशी शेकडो लाकडी पत्रे मिळाली आहेत. पोस्टकार्डाएवढी आणि जेमतेम एकदोन मिलिमीटर जाडीची. त्यांतली बरीचशी इ. स. १००च्या सुमारास तेथे असलेल्या फ्लाव्हिउस सेरिआलिस या अधिकाऱ्याच्या घरातली आहेत. त्याच्या पत्नीचे नाव सुल्पिकिआ लेपिदिना. शेजारच्या एका ठाण्यावरील अधिकाऱ्याची पत्नी क्लाउदिआ सेव्हेरा हिने या लेपिदिनाला आपल्या वाढदिवसाचे बोलावणे धाडले होते. तारीख ११ सप्टेंबर. मुख्य मजकूर लेखनिकाच्या हातचा; पण शेवटी सेव्हेराने स्वतः चार ओळी लिहिल्या आणि तीत मैत्रिणीला ‘बहीण’ म्हणून साद घातली. ब्रिटनमध्ये एका स्त्रीच्या हातचे इतके जुने लॅटिन अक्षर दुसरे मिळालेले नाही. इतिहासाने बायकांना पानावर जागा दिली नाही, ही तक्रार खरीच आहे. पण इथे पहिली जागा मिळाली ती एका हळदीकुंकवासारख्या बोलावण्याने, हे विसरता येत नाही.

अशा बोलावण्याला जायचे म्हणजे नेसूचे काही बरे हवे. त्याच पत्रांत कपड्यांचीही एक यादी आहे आणि तीत भोजनसमयी घालावयाच्या खास पोशाखांचा उल्लेख येतो. ठाण्याच्या मातीत एक नाजूक पादत्राणही मिळाले. त्यावर द्राक्षाच्या पानांची नक्षी आणि बनवणाऱ्याच्या नावाचा ठसा आहे. ते लेपिदिनाचेच असावे असा तर्क आहे. बाहेर गुडघाभर चिखल आणि आत नावाजलेल्या कारागिराची चप्पल, असे हे घर.

आता या घरातली खरी मौज सांगतो. हे सेरिआलिस साहेब जन्माने रोमचे नव्हते. ते होते बटेव्हियन. ही टोळी ऱ्हाइन नदीच्या मुखाजवळची, म्हणजे आजच्या हॉलंडातली. त्यांच्या हाताखालची तुकडीही बटेव्हियनांचीच. आणि या बटेव्हियनांनी इ. स. ६९-७० मध्ये रोमविरुद्ध मोठे बंड केले होते! ते बंड मोडणाऱ्या रोमन सेनापतीचे नावही सेरिआलिसच होते. आपल्या या अधिकाऱ्याच्या बापाने सम्राटांशी निष्ठा राखली, नागरिकत्व मिळवले आणि मुलाला त्या विजयी सेनापतीचे नाव दिले, असे अभ्यासकांना वाटते. म्हणजे ज्या घरात आपण शिरलो आहोत ते एका पिढीत रोमन झालेले घर. तिथे अंड्याची वेगळी कटोरी ही नुसती हौस कशी म्हणावी? ‘आम्ही कोण’ हे सांगण्याचे काम त्या कटोरीकडे होते.

लाल भांड्यांचा प्रवास

या कटोऱ्या आणि थाळ्या येत कोठून? चांदीचे सामान फार थोड्यांकडे. मध्यम ऐपतीच्या घराची शान म्हणजे तांबडी, चकचकीत, उठावाच्या नक्षीची मातीची भांडी. पुराणवस्तूंचे अभ्यासक त्यांना सामियन भांडी म्हणतात. पहिल्या शतकात त्यांचे मोठे आगर होते दक्षिण फ्रान्समधले ला ग्रोफेझांक हे गाव. तिथे एकाच भट्टीत हजारो भांडी एकदम भाजली जात. अनेक कुंभारांचा माल एकत्र भाजायचा, म्हणून कोणाची किती भांडी आत गेली याचा हिशेब ते फुटक्या थाळ्यांवरच कोरून ठेवीत. हे हिशेब अर्धे लॅटिनमध्ये आणि अर्धे स्थानिक गॉलिश भाषेत आहेत. धंदा रोमन पद्धतीचा. पण मोजदाद करताना तोंडात मायबोली.

तिथून विंदोलांदा हजार किलोमीटरांहून दूर. गाडीरस्ता, नदी, समुद्र आणि पुन्हा रस्ता. वाटेत काय होत असेल याची कल्पना, बदलीच्या गावी सामान हलवलेल्या प्रत्येक कुटुंबाला आहे. विंदोलांदाच्या खंदकात अशा लाल भांड्यांचा एक अख्खा ढीग मिळाला आहे. भांडी कोरी, एकदाही न वापरलेली. पण वाटेतच फुटलेली. पेटारा उघडला, आतले पाहिले आणि सगळे तसेच खंदकात लोटून दिले. किती महिने त्या मालाची वाट पाहिली असेल! त्या खंदकाच्या काठावर कोण काय बोलले असेल, हे लिहून ठेवलेले नाही. पण ते आपल्याला ऐकू येते.

जी भांडी शाबूत पोचली त्यांच्या बुडावर शिपायांनी टोकदार सुईने आपापली नावे कोरून ठेवली. भांड्यावर नाव घालण्याची ही रीत आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की तिची टिंगलही करून झाली. परंतु नीट पाहिले तर त्या ओबडधोबड अक्षरांत एक आर्जव आहे. बराकीत माणसाचे स्वतःचे असे काय असते? अन्न सरकारचे, हत्यार सरकारचे, दिवससुद्धा सरकारचाच. या एका वाटीपुरता मात्र तो मालक.

चिमूटभर मिरे

या घरांतल्या चैनीच्या एका जिनसेशी आपला जवळचा संबंध आहे. विंदोलांदाच्या एका हिशेबाच्या पट्टीवर गाम्बाक्स नावाच्या माणसापुढे नोंद आहे: मिरे, दोन दिनार. नाव रोमन नाही. तोही बटेव्हियनच असावा. प्लिनी या पहिल्या शतकातल्या लेखकाने काळ्या मिऱ्यांचा भाव पौंडाला चार दिनार असा दिला आहे. हा भाव झाला साम्राज्याच्या मध्यावरचा. रोमन पौंड सव्वातीनशे ग्रॅमचा. त्या काळी पूर्ण नागरिकत्व असलेल्या शिपायालासुद्धा वर्षाकाठी ३०० दिनार पगार असे. म्हणजे गाम्बाक्सने दोनतीन दिवसांचा पगार मिऱ्यांत घातला. हे मिरे मलबारच्या वेलींवरचे. मौसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात, तिथून उंटांवरून नाईल नदीकाठी, मग अलेक्झांड्रियाला, पुढे भूमध्य समुद्र, आणि शेवटी त्या बोचऱ्या थंडीत एका शिपायाच्या लापशीत!

हा व्यापार दोन्ही बाजूंनी चाले. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५च्या सुमारास ब्राँझच्या वस्तूंचा जो साठा मिळाला, त्यात समुद्रदेव पोसायडनची सुबक मूर्ती आणि रोमन घडणीची भांडी होती. ती मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहायला मिळते. साम्राज्याच्या पार बाहेर, पंचगंगेच्या काठी, कोणा सातवाहनकालीन गृहस्थानेही ‘परदेशी’ सुरई पाहुण्यांना दिसेल अशी मांडली असणार. पाहुण्याने विचारावे आणि यजमानाने सहज बोलल्यासारखे सांगावे, ही माणसाची जुनी हौस आहे. तिला सरहद्द नाही.

सुधारणा की बेडी?

पण या हौसेला दुसरी बाजूही आहे, आणि ती पहिल्याने एका रोमनानेच दाखवली. इतिहासकार टॅसिटस याचा सासरा अग्रिकोला हा ब्रिटनचा सुभेदार होता. सासऱ्याचे चरित्र लिहिताना टॅसिटस सांगतो की, तेथील लोकांना हळूहळू मंडपांची, स्नानगृहांची आणि झोकदार मेजवान्यांची गोडी लागली; ते भोळे लोक त्याला सुधारणा समजू लागले आणि खरे तर ती त्यांच्या दास्याचीच एक बाब होती. परकी राजवट पाहिलेल्या कोणत्याही देशातल्या वाचकाला हे वाचून कसेसेच होईल. आपल्याही घरांतून विलायती कपबशी आली तेव्हा तिच्याबरोबर आणखी काय काय आले, याचा हिशेब आपल्या आजोबांच्या पिढीने मांडलाच होता.

हा हिशेब ब्रिटनमध्ये एकदा आगीने मांडला गेला. इ. स. ६०-६१ मध्ये राणी बूडिका हिने रोमनांविरुद्ध उठाव केला. तिच्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर रोमन अंमलदारांनी राज्य लुबाडले, तिला फटके मारले आणि तिच्या मुलींची विटंबना केली होती. तिच्या सैन्याने पहिल्याने जाळले ते निवृत्त शिपायांच्या वसाहतीचे गाव, आजचे कोल्चेस्टर. तिथल्या एका दुकानात रचून ठेवलेली लाल भांडी जळून काळी पडली आणि काचेची भांडी वितळून त्यांवर ओघळली. २०१४ साली तिथल्याच हमरस्त्यावरच्या एका दुकानाखाली उत्खनन झाले, तेव्हा घराच्या जमिनीत घाईघाईने उकरलेल्या खळग्यात सोन्याचे दंडातले अलंकार, कर्णभूषणे, अंगठ्या आणि चांदीची साखळी मिळाली. त्याच घरात कोळसा झालेले खजूर आणि अंजीर होते. दूर देशाहून आलेला मेवा घरात होता. कोणा बाईने अंगावरचे काढले, पुरले आणि ती पळाली. ती परत आली नाही. ती रोमन होती; पण त्या खळग्यापाशी तिचा द्वेष करणे जमत नाही.

मग टॅसिटसचे म्हणणे पुरते खरे मानायचे का? मला वाटते, त्याला अर्धे उत्तर एका थडग्याचा दगड देतो. ब्रिटनच्या ईशान्य किनाऱ्यावर साऊथ शील्ड्स येथे १८७८ साली तो मिळाला. दगडावर एक स्त्री वेताच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसली आहे. मांडीवर चाती आणि लोकर, एका बाजूस लोकरीच्या गुंड्यांची टोपली, दुसऱ्या बाजूस दागिन्यांची पेटी. तिचे झाकण ती स्वतः हाताने उघडते आहे. तिचे नाव रेजीना, म्हणजे ‘राणी’. लेख सांगतो की ती ब्रिटनच्याच कातुवेल्लाउनी जमातीची, मूळची दासी. सीरियातल्या पाल्मिरा शहराच्या बराते नावाच्या माणसाने तिला मुक्त केले आणि तिच्याशी लग्न केले. वयाच्या तिसाव्या वर्षी ती वारली. लॅटिन मजकुराखाली त्याने एक ओळ आपल्या पाल्मिराच्या लिपीत कोरविली आहे: रेजीना, बरातेने मुक्त केलेली, आणि मग नुसते ‘हाय’. त्या सरहद्दीवर ती ओळ वाचू शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील. ती त्याने लोकांसाठी लिहिलीच नव्हती.

या बाईच्या आयुष्यात टॅसिटसचे दास्य अलंकारिक नव्हते. बाजारात किंमत मोजून घेतलेले, अस्सल होते. म्हणूनच ती उघडी पेटी पाहण्यासारखी आहे. जी स्वतः कधी कोणाची मालमत्ता होती, तिच्यापाशी आता तिची स्वतःची मालमत्ता आहे. तिला कुलूप आहे आणि ते उघडणारा हात तिचाच आहे. ज्या राजवटीने तिला विकले तिच्याच पद्धतीची ती पेटी. बेडीही तीच आणि घरही तेच. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि सरहद्दीवरच्या माणसांनी त्या दोन्हींसह संसार केला.

शिवाय बाहेरून आलेल्या वस्तूला इथल्या हातांनी आपले रूपही दिले. २००३ साली इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला ब्राँझचे एक लहान, वाडग्यासारखे पात्र मिळाले. त्याच्या काठाखाली इ. स. १२२ मध्ये बांधू लागलेल्या हेड्रियनच्या तटावरील चार ठाण्यांची नावे आहेत आणि ड्राको असे एका माणसाचे नाव आहे. काशीहून आणलेला गडू जसा वर्षानुवर्षे देवघरात मिरवतो, तशीच ही तटावरच्या नोकरीची आठवण असावी. पण पात्रावरची नक्षी रोमन नाही. लाल, निळ्या, पिवळ्या मिन्याची ती वळणावळणाची भोवरेदार वेलबुट्टी त्या बेटावरच्या जुन्या केल्टिक कारागिरांची आहे. अक्षरे राज्यकर्त्यांची आणि फुले इथली.

परत न आलेले मालक

साम्राज्याच्या कडा उसवू लागल्या तेव्हा या फडताळांवर काय प्रसंग आला, हे दोन ठेव्यांवरून कळते.

पहिला स्वित्झर्लंडमधल्या कायझरआउग्स्टचा. ऱ्हाइन नदीकाठच्या या किल्ल्यात इ. स. ३५०च्या थोडे पुढे, सिंहासनाच्या भांडणात सरहद्द उघडी पडली असताना, कोणी तरी सुमारे ५८ किलो चांदी पुरून ठेवली. अकिलीझच्या बालपणाची चित्रे असलेले आठ कोनी तबक, मोठी दीपदानी, चमचे, दात कोरण्याच्या काड्यासुद्धा. काही भांड्यांवर वजन आणि मालकाचे नाव कोरलेले आहे. १९६१च्या अखेरीस एका यंत्राने ती जागा उकरली आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत सम्राटांच्या काळची चांदी बर्फात उघड्यावर पडून राहिली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी काही उचललीही. नाहीशी झालेली अठरा भांडी तर थेट १९९५ साली परत मिळाली.

दुसरा ठेवा इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या हॉक्सन गावचा. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी शेतात हरवलेला एक हातोडा शोधताना तो मिळाला. शोधणाऱ्याच्या यंत्राने धातूची खूण दिली. सोन्याचांदीची नाणी आणि चमचे निघू लागताच त्याने खणणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळविले. म्हणून तज्ज्ञांना तो पेटारा जसा भरला होता तसाच पाहता आला. (हातोडाही सापडला आणि तोही आता ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे!) सुमारे १५ हजार नाणी, सोन्याचे दागिने, ७८ चमचे, २० पळ्या आणि मिरपूड ठेवण्याच्या चार चांदीच्या मूर्तिवजा डब्या. त्यांतली एक अलंकृत स्त्रीच्या अर्धपुतळ्याची, जेमतेम दहा सेंटिमीटर उंचीची. तिच्या तळाशी फिरती चकती आहे. एका खुणेवर डबी बंद, दुसरीवर मिरपूड शिंपडता येते, तिसरीवर भरता येते. गाम्बाक्सच्या दोन दिनारांच्या मिऱ्यांनी तीनशे वर्षांत केवढी बढती मिळवली!

यातली अगदी अलीकडची नाणी इ. स. ४०७-८ची आहेत. त्याच सुमारास रोमन फौजा ब्रिटन सोडून गेल्या. कोणीतरी लाकडी पेटारा घेतला, आत लहान पेट्या रचल्या, वस्तू एकीवर एक घासू नयेत म्हणून मध्ये कापड आणि गवत घातले, चमचे नीट एकात एक बसवले, कुलपे लावली. घाबरलेल्या चोराचे हे काम नाही. जो माणूस परत येणार असतो तोच अशी बांधाबांध करतो.

त्या पेटाऱ्यात सोन्याची एक जाळीदार बांगडी होती. तिच्या जाळीत अक्षरे कापून काढली आहेत. ज्युलिआना नावाच्या बाईला उद्देशून तीत आशीर्वाद आहे की, ही सुखाने वापर. तिने ती किती वापरली, कोणाच्या लग्नात घातली, पुरताना एकदा पुन्हा हातात चढवून पाहिली की काय, हे बांगडी सांगत नाही. ती आज काचेच्या कपाटात आहे आणि तिच्यावर उत्तम प्रकाश सोडलेला आहे. आशीर्वाद मात्र तेथे निरुपयोगी झाला आहे, कारण ती आता कोणी वापरू शकत नाही.

दिवाळीच्या पाहुण्यांसाठी आपल्या घरीही आज ठेवणीतली भांडी निघतील. आईच्या नावाची वाटी, आजीच्या माहेरचा तांब्या, सासूबाईंनी हात लावू न दिलेले चांदीचे ताट. फराळ झाल्यावर ती पुन्हा फडक्यात गुंडाळून आत ठेवण्याची घाई करू नये. चार दिवस ओट्यावर राहू द्यावीत आणि मुलांनाही त्यांत जेवू द्यावे. एखादा पोचा पडेल, पडू द्यावा.